कीबोर्डाला अभिषेक

चालू असलेली वस्तू बंद करण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या लातुरात सापडायचा नाही. जग बिघडलेलं दुरुस्त करतं, हे चांगलं चाललेलं बंद करतात. दुपारी आडवं होण्याआधी दारावरच्या बेलची वायर काढून ठेवतात आणि मोबाईलही बंद. थंडी पडली की फ्रिज बंद. स्कूटरचा हॉर्न तर त्यांनी कायमचाच काढून टाकला, म्हणे, "हॉर्न असला की माणूस समोर बघून चालवत न्हाई." पोरीच्या लग्नात ऐन अक्षता पडायच्या वेळी यांनी डीजेची वायर उपटली. डीजेवाला खवळला, व्याही हबकले, आणि हे आपले शांतपणे अक्षता टाकत उभे!

मेव्हणी गेल्यापासून घरात ते एकटेच. पोरगी जर्मनीत. तिनं घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर बापलेकीचा रोजचा संवाद चाले. म्हणजे ती लिहायची, "पप्पा, जेवलात?" आणि हे एका बोटानं अक्षरं हुडकत लिहायचे, "हाव." झालं, संपला संवाद! मी म्हणायचो, "अहो, बोला की तिच्याशी." तर, "ती कामात असती. कशाला उगी तरास?" तिकडं ती मला म्हणायची, "काका, पप्पांचा आवाज ऐकून किती दिवस झाले हो."

अशात खंडेनवमी आली. त्यांच्या धान्याच्या आडतीत त्या दिवशी काट्यापासून ट्रकपर्यंत सगळ्यांची पूजा होते. साडूभाऊंनी घरी येऊन लॅपटॉपलाही विभूती लावली, बेल वाहिला, इथवर ठीक होतं. पण वर्षभर राबतो म्हणून कीबोर्डावर त्यांनी चक्क पळीभर पंचामृत सोडलं! "पिंडीला चालतं, याला न चालायला काय झालं?" दही, मध, साखर आत उतरलं आणि 'ळ'चं बटण जे दबून बसलं ते वर येईना. लेकीला उत्तर गेलं, "हावळळळळळळळ."

तिचा मला रडत फोन. "काका, पप्पांना झटका तर नाही ना आला? मोबाईल पण लागेना!" मी गाडीला किक मारली ती थेट त्यांच्या दारात. दुपारची वेळ, बेल वाजेना. बोंबलत आत शिरलो, तर साहेब चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलेले.

"घाबरायलाव कशाला? मी बरा हाय, बटण खुळावलंय." असं म्हणत त्यांनी माऊसनं आत कुठंतरी जाऊन अख्खा कीबोर्डच बंद केला. 'ळ'ची रांग जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आता लिहायची सोयच उरली नव्हती. साडूभाऊ खाकरले. "रडू नको गं माय. बोलतो की." आणि लागले बोलायला! अभिषेकापासून सुरुवात झाली, मग तुरीचा भाव, मग तिच्या आईच्या हातचं वरण. ती रडता रडता हसायला लागली. मी चहा करून प्यालो, कप विसळून ठेवला, तरी यांचं चालूच.

पुढं दुकानातून लॅपटॉप साफ करून आणला. बटणं ठणठणीत झाली, कीबोर्ड मात्र बंद तो बंदच. परवा मी म्हटलं, "साडूभाऊ, चालू करा की आता. येत नसंल तर दुकानवाल्याला बोलावतो."

"येतं की. एक टिचकी मारली की चालू हुतो."

"मग?"

"तिला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "चालू झाला म्हणून कळलं तर ती परत लिहून इचारंल, अन् मी परत 'हाव' लिहून मोकळा होईन. माझा मलाच भरवसा न्हाई."

एवढ्यात लॅपटॉप वाजला. त्यांनी घाईघाईनं केसांवरून हात फिरवला, सदऱ्याची गुंडी लावली आणि मला हातानंच गप्प बसवलं. मेव्हणी गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.