सेक्रेड फ्रेमवाले भावोजी

माझ्या भावोजींना इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणू नये. त्यांना एक शब्द येतो, आणि त्या एका शब्दावर त्यांनी अख्खं दुकान चालवलं आहे. शब्द आहे सेक्रेड.

दुकान फोटो फ्रेम करून देण्याचं. एका अंगाला चपला शिवणारा, दुसऱ्या अंगाला किल्ल्या बनवणारा आणि मध्ये भावोजी, लाकडाच्या भुशात आणि सरसाच्या वासात. पूर्वी जे येईल ते फ्रेम करायचे. शाळेची प्रमाणपत्रं, समुद्राची चित्रं, बक्षीस मिळालेला कुत्रा. माणूस तसा वाईट नाही, पण कानाचा हलका, आणि कानावर इंग्रजी पडलं तर विचारूच नका.

एकदा एक निवृत्त प्राध्यापिका नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. भावोजींनी सरसाच्या हातानेच तो उचलला, तशा त्या म्हणाल्या, सांभाळून, माझ्यासाठी तो सेक्रेड आहे. भावोजींनी अर्थ विचारला. बाईंनी शिकवायच्या सवयीने नीट समजावला. ज्याचा आपण वापर करत नाही, ज्याचा सौदा करत नाही, ज्याला हात लावण्याआधी क्षणभर थांबतो, ते सेक्रेड. भावोजींनी मान डोलावली आणि सगळ्यात महागडी फ्रेम पुढे सरकवली. बाईंनी एका शब्दानेही घासाघीस केली नाही. भावोजींना अर्थ समजला तो तेव्हा.

मी त्यांना म्हटलं होतं, आपला पवित्र हा शब्द काय वाईट आहे? त्यावर म्हणाले, "पवित्र म्हटलं की माणूस हात जोडतो. सेक्रेड म्हटलं की तोच हात खिशात जातो."

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. अंडाकृती, सोनेरी रंगाच्या, कडेला पानाफुलांची नक्षी असलेल्या फ्रेमा आल्या आणि त्यांचं नाव पडलं सेक्रेड. मागच्या बाजूला लाल फीत चिकटवायची आणि गिऱ्हाइकाला बजावायचं, ही फ्रेम कधी उघडायची नाही, सेक्रेड असते. लोक दबक्या आवाजात हो म्हणायचे. घरी भावोजींची दुपारची झोप सेक्रेड झाली, त्यांची खुर्ची सेक्रेड झाली, दाढीचा आरसाही झाला. ताईचं काही सेक्रेड झाल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी आमची आई गेली. कॅमेरा दिसला की ती पदराआड तोंड लपवायची, त्यामुळे तिचा धड असा एकच फोटो. मागच्या दाराच्या पायरीवर बसून मटार सोलते आहे, कशाला तरी हसते आहे, आणि शेजारी चिकटून बसलेल्या लहानग्या ताईच्या खांद्यावर तिचा हात आहे. ताईने तो नवऱ्याकडे दिला. साधी फ्रेम करा म्हणाली, स्वयंपाकघरात लावायचा आहे.

फोटो स्वयंपाकघरात आलाच नाही. तो दुकानाच्या दर्शनी काचेमागे, वरच्या बाजूला, सोनेरी अंड्यात जाऊन बसला. आईचं हसू पाहून रस्त्याने जाणारे थबकत, आणि थबकलेला माणूस भावोजींच्या तावडीतून सुटत नसे. ताईने विचारलं की उत्तर ठरलेलं. स्वयंपाकघरात वाफ असते, सेक्रेड वस्तू तिथे कशी लावणार? काचेतून नुसता चेहरा दिसायचा. ताई म्हणायची, बाकीचा फोटो माउंटच्या पुठ्ठ्यामागे असणार. मलाही तसंच वाटायचं.

शेवटी एक दिवस ताई मला बरोबर घेऊन दुकानात गेली. तिने फ्रेम उतरवली, गल्ल्यावर पालथी घातली आणि लाल फीत ओढली. लग्नानंतर बरीच वर्षं तिने दुकानात हात लावलेला, फ्रेमच्या बारीक चुका कशा उपसायच्या हे तिला शिकवावं लागत नाही. भावोजी अगं अगं करत राहिले. पुठ्ठा निघाला आणि आतून आईचा चेहरा बाहेर पडला. तेवढाच. अंड्याच्या आकाराचा, कात्रीने गोल कापलेला.

"बाकीची आई कुठे आहे?" ताईने विचारलं.

भावोजी म्हणाले, त्या फ्रेमा एकाच मापात येतात, फोटो मावत नव्हता. आणि मटाराची पाटी वगैरे सेक्रेड दिसत नाही. शेजारी तूही होतीस, गिऱ्हाइकाचं लक्ष जात होतं. बरं, कापून उरलेला कागद जाड होता, वाया कशाला घालवायचा? फ्रेम सैल बसली की आत काहीतरी कोंबावं लागतं. कोंबला कुणाच्या तरी मागे.

मला त्या क्षणी भावोजींना त्यांच्याच चुकांनी भिंतीवर ठोकावंसं वाटलं. ताई मात्र शांत होती, आणि तिच्या शांतपणाला आम्ही सगळेच घाबरतो. ती म्हणाली, पक्कड घ्या आणि चला.

त्या सुमाराला गेलेल्या सेक्रेड फ्रेमा भावोजींना तीनच आठवत होत्या. पहिलं घर वकिलांचं. त्यांच्या पूज्य वडिलांच्या पाठीमागून साबणाचं खोकं निघालं. वकिलांनी ते उलटसुलट करून सगळं वाचलं, आणि भावोजींनी खाली मान घालून चुका परत ठोकल्या. दुसऱ्या घरी फाटकं कॅलेंडर निघालं. तिसरं घर एका म्हाताऱ्या बसड्रायव्हरचं, तिसऱ्या मजल्यावर. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, आणि पलंगावरून दिसेल अशी बायकोची फ्रेम. बाकी कुठे नाही म्हणजे आई इथेच होती. ताईचा श्वास वरखाली होत होता, तो जिन्यामुळे नव्हता.

भावोजींनी पक्कड काढली तसे आजोबा फ्रेमच्या आड उभे राहिले.

"तुम्हीच सांगितलंत, ही उघडायची नाही, सेक्रेड आहे. मी रोज काच पुसतो, पण कधी उलटी करून बघितली नाही."

"अहो आजोबा," भावोजी म्हणाले, "ते मी सगळ्यांनाच सांगतो."

आजोबा हलले नाहीत. त्यांचा हात फ्रेमच्या खालच्या कडेवर होता. ताईने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने नवऱ्याच्या हातातून पक्कड काढून घेतली.

"राहू द्या, आजोबा. नाही उघडत आम्ही."

भावोजी कुजबुजले, "अगं, इथेच आहे, नक्की इथेच. दोन मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.

भावोजींनी मला जिन्यातच थांबवलं. हातातोंडाशी आलेली वस्तू हिने अशी सोडली का, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"त्याला इंग्रजीत एक शब्द आहे, भावोजी," मी म्हटलं.