दादाला जिंकवायचं ठरलं तेव्हा

भूगोलाच्या मास्तरांनी जन्मभर मुलांना वारे शिकवले. फळ्यावर खडूने बाण काढून ते वाऱ्याला अस्सा वळवत, की वाराही निमूट वळायचा. तलावावर होडीत बसलं की मात्र हाच वारा त्यांना ओळख दाखवत नसे. शिडांच्या होड्यांच्या क्लबात त्यांना कुणी खलाशी म्हणत नव्हतं आणि त्यांची तशी तक्रारही नव्हती. ते दादाचे धाकटे भाऊ होते, तेवढं पद त्यांना पुरत असे. सुकाणू दादाकडे. दादा 'ओढ' म्हणाला की मास्तरांनी दोर ओढायचा, 'सोड' म्हणाला की सोडायचा. तरुणपणापासून हेच चाललं होतं, आणि मोठ्या मजेत चाललं होतं.

मग एका सकाळी दादाला त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात, रंधा मारता मारता, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शब्द गेले. एकच शब्द मागे राहिला: 'बरं'. जेवतोस का? बरं. पडतोस का? बरं. व्यायाम करवून घेणारी बाई यायची, ती म्हणायची, "काका, बोटं हलवा बघू." दादा म्हणायचा, "बरं," आणि बोटं होती तिथेच. शेवटी ती बाहेर येऊन वहिनींना म्हणाली, "हात हलू शकेल हो. पण त्यांना हलवायचाच नाहीये. असंच राहिलं तर मी येऊन काय करू?"

त्यानंतर दादाने जेवणही कमी केलं. घास तोंडाशी नेला की तो तोंड मिटायचा, 'बरं' म्हणून मिटायचा. एके दिवशी वहिनींनी दादाला ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला आणि मग बोलल्या, "भाऊजी, यांनी ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"ते मला बोलायला लावू नका."

मास्तर घरी गेले. रात्रभर विचार करून त्यांनी एक बेत आखला. वर्गात फळ्यावर काढला असता तर निर्दोष ठरला असता, असा तो बेत होता. क्लबाची वार्षिक मैत्रीची शर्यत जवळ आली होती. मैत्रीची म्हणायची, एवढंच. ती झाली की निदान दोन सभासद पुढच्या शर्यतीपर्यंत एकमेकांशी बोलत नसत. ही शर्यत दादाने इतक्यांदा जिंकली होती, की चषक क्लबाचा आहे, दादाच्या घरचा नव्हे, हेच नवे सभासद विसरले होते. दादा एकदा, फक्त एकदा जिंकला, की अंगात जीव येईल. आता जिंकवायचा कसा? सुकाणू मास्तरांच्या हातात म्हणजे होडी पैलतीराला नाही तर झाडाला. तेव्हा उपाय एकच होता. बाकीच्यांनी हरायचं.

मास्तर दारोदार फिरले. बेकरीवाला भट्टीसमोर उभा राहून म्हणाला, "मास्तर, हरायचं मला काही सांगू नका, मी दरवर्षी मन लावून हरतो. पण मुद्दाम म्हणजे..." आणि त्याने पिठाच्या हाताने डोळे पुसले. नळदुरुस्तीवाला दादाच्या खालोखाल तरबेज. तो पाना खाली ठेवून नुसता मान हलवत राहिला. दातांचे डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात हात घालून उभे होते. "मास्तर, माझी काळजी सोडा. मी कधी जिंकलोय का?" पेशंटने उघड्या तोंडाने दुजोरा दिला.

सगळे कबूल झाले. अडचण एवढीच होती, की ठरवून हरायचा सराव त्या क्लबात एकालाही नव्हता.

शर्यतीच्या सकाळी चौघांनी दादाला उचलून होडीत बसवलं. तरंगायच्या जाकिटात तो आणखीच लहान दिसत होता. वहिनी धक्क्यावर उभ्या होत्या. भोंगा वाजला, आणि दारातून आत शिरताना 'तुम्ही आधी', 'छे छे, तुम्ही' चालावं तसं पाण्यावर सुरू झालं. बेकरीवाल्याचा दोर अडकला. तो सोडवताना तो इतकी खटपट करत होता, की न अडकलेला दोर खरंच अडकला. नळवाला होडीतलं नसलेलं पाणी उपसत बसला. मास्तरांची होडी कशीबशी पुढे सरकली, आणि दादाने मान वळवली.

दादा बघतोय! घरात समोर कुणी येऊन बसलं तरी न बघणारा दादा बघतोय. मग तो काय बघतोय ते मास्तरांना दिसलं. तो शिडं बघत होता. एकेक सैल सोडलेलं शीड, सावकाश. कारागिराने केलेल्या टेबलावरून हात फिरवून तो कुठे फसवलंय ते शोधायचा, तसा.

"आज सगळ्यांचं काहीतरी बिनसलंय बघ," मास्तर म्हणाले.

दादा 'बरं' म्हणाला नाही.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला तो नेमका डॉक्टरांच्या शिडात. होडी सुसाट निघाली, मास्तरांना मागे टाकून. डॉक्टर मागे वळून ओशाळं हसले. आता दोर सैल करायचा, बस्स. त्यांनी हात पुढे नेलाही. पण आयुष्यात पहिल्यांदा पुढे कुणाचीच पाठ दिसत नव्हती, आणि हात काही सैल होईना.

"अहो डॉक्टर!" बेकरीवाला ओरडला. "मागे या. काय ठरलं होतं आपलं? दादाला जिंकू द्यायचंय ना!"

पाण्यावरून आवाज किती लांब जातो, हे बेकरीवाल्याला माहीत नव्हतं. धक्क्यावर वहिनींनी डोळे मिटून घेतले.

दादा मास्तरांकडे वळला. तोंड वाकडं झालं, ओठ झगडले, आणि शब्द स्वच्छ बाहेर पडला.

"खोटं."

दादाने दुसरा एखादा शब्द बोलावा म्हणून मास्तरांनी काय काय केलं होतं. आला तो हा.

दादाच्या डाव्या हाताने मास्तरांकडचं सुकाणू ढकललं. होडी शेवटच्या रेषेकडे पाठ करून तलावाच्या मध्याकडे निघाली. "दादा, रेषा तिकडे आहे," मास्तर म्हणाले, पण ऐकणारं कुणी नव्हतं. पुढे वारा पडला. होडी उभी राहिली. दोघे भाऊ गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि जायला जागा नव्हती.

"मग मी काय करायचं होतं, सांग," मास्तर म्हणाले. "तू जेवत नाहीस. बोटं हलवत नाहीस. वहिनी नळ सोडून रडतात. मला काय येतं दुसरं? दोर ओढता येतो, तोही तू सांगितलास तर. तू गेलास तर मी कुणाच्या होडीत बसू?" चारचौघांत टाचणी टोचली तरी हसणारे मास्तर बाहीत तोंड खुपसून रडले. दादाने तिकडे बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने पाण्यावर सुरकुती उठली. दादाने डाव्या हाताने दोर धरला. पण मग सुकाणूला हात उरेना. त्याने सुकाणू काखेत दाबलं, ते निसटलं. पुन्हा दाबलं. दोर घसरला, तो त्याने दातांत धरला. मास्तरांनी मदतीला हात घातला, तर दादाने कोपराने तो उडवला. मास्तर सामानासारखे बसून राहिले. होडी सुरुवातीच्या जागी परत गेली आणि तिथून शर्यत पहिल्यापासून सुरू झाली. एकटीची. वाकडीतिकडी, वळायच्या खुणेच्या प्रत्येक तरंगत्या बोयाला वळसा घालत. ती शेवटच्या रेषेवर आली तेव्हा धक्क्यावर कुणी टाळी वाजवली नाही. भोंगेवाल्याला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने टोपी काढली.

डॉक्टर पुढे झाले. जिंकल्यापासून ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. "दादा, माफ करा. मला आवरलंच नाही."

दादाने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांचा हात आपल्या डाव्या हातात घेतला, उलटा करून तळव्यावरचे दोराचे वळ पाहिले.

"रविवारी," तो म्हणाला.

वहिनींचा हात तोंडावर गेला. मास्तर धावत पुढे आले. "येऊ की दादा, रविवारी येऊ. मी सकाळीच येतो घरी, दोर..."

"नाही," दादा म्हणाला, आणि बोट डॉक्टरांकडे केलं.

त्या संध्याकाळी मास्तर दादाच्या घरी बाहेरच्या पायरीवर बसले होते. आत जायची हिंमत नव्हती. वहिनी आल्या आणि शेजारी बसल्या. "पूर्ण जेवले. वर पुन्हा वाढायला लावलं. चमचा माझ्या हातातून ओढून घेतला."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा मध्येच थांबला.

"तुमच्यावर फार चिडलेत, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुमचं नाव काढलं की तोंड फिरवतात. निवळेल राग. मी घालते समजूत."

"नको," मास्तर घाईने म्हणाले. "समजूत घालू नका, वहिनी. राग थोडा कमी झालासा वाटला ना, तर मला कळवा. मी येऊन तोंड दाखवून जाईन."