शोमरोनी बाईची अर्धी गोष्ट

मोरखडकच्या झुंबरबाई वैरागरला गप्प बसलेली पाहिलेला माणूस सबंध नेवासा तालुक्यात शोधून सापडला नसता. तिच्या लग्नात पाळकांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "हिचा स्वीकार करतोस काय?" तर सहादेव आवंढा गिळतोय तोवर हिनंच "करतो म्हणतायत" असं सांगून टाकलं, अशी गोष्ट ख्रिस्तवाड्यात अजून सांगतात. सहादेव ती खोटी आहे म्हणत नाही. खरी आहे असंही म्हणत नाही. त्याला बोलायला फट मिळाली तर ना!

मिशननं तिला बायबलबाई नेमलं होतं. म्हणजे घरोघर जायचं, बायांमध्ये बसायचं आणि प्रभूच्या गोष्टी सांगायच्या. हे काम नसतं दिलं तरी तिनं केलंच असतं. एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडलं की त्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट ऐकावी लागे. कासारणीनं बांगड्या भरायला हात धरला की बांगड्या भरून होईपर्यंत उधळा पोरगा बापाच्या घरी परत आलेला असे. गावातल्या बाया जिच्या शब्दावर चालत, त्या आक्काबाईच्या ओसरीवर तिला चहासुद्धा मिळायचा. त्यासाठी कान तुटलेला एक कप वळचणीला खोचून ठेवलेला होता. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि परत खोचायचा.

गोष्टी सगळ्यांना आवडत. पण इतक्या वर्षांत मोरखडकातल्या एकानंही बाप्तिस्मा घेतला नव्हता. नगरच्या वार्षिक सभेत दुसऱ्या बाया आपापल्या गावचं कौतुक सांगायच्या, तेव्हा ही पदराचं टोक पिळत बसायची. "प्रभू, एक तरी," एवढंच तिचं मागणं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

गावची बारव आटली. ओढ्यात झिरे खणले, तेही गढूळ झाले. पुरुष माणसं खडी फोडायला गेली आणि बाया हंडे घेऊन रानोमाळ हिंडू लागल्या. ख्रिस्तवाड्यातल्या विहिरीला मात्र पाणी होतं. मिशननं कधीकाळी खडक फोडून पाडलेली ती विहीर. विटाळ नको म्हणून गावातल्या बाईची सावलीसुद्धा तिच्यावर कधी पडली नव्हती.

एका दुपारी आक्काबाई रिकामा हंडा घेऊन वाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. मागं तिची सून चांगुणा, पोट पार पुढं आलेलं.

"झुंबरे, दोर आमचा, पोहरा आमचा," आक्काबाई आभाळाकडं बघत म्हणाली. "हिरीला तेवढा हात लावते."

"लावा की आक्का. हीर काय माझ्या बापाची हाय?"

चार दिवसांत सगळं गाव लोटलं. बाया आपापले दोर घेऊन रांगेत उभ्या, आणि विहिरीच्या काठावर झुंबरबाई. तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून सहादेव लगबगीनं तिच्याजवळ आला.

"ए बये, तोंड आवर. त्या पान्याला आल्यात."

"अहो, जन्मभर मी त्यांच्या दारात गेले. आता प्रभूनं त्यांनाच माझ्या दारात आणून उभं केलंय. गप कशी बसू?"

गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतंच. तिनं नेमकी शोमरोनी बाईची गोष्ट काढली. ती भर उन्हात एकटीच विहिरीवर आली होती. यहुदी लोक तिच्या जातीच्या हातचं पाणी पीत नसत. आणि विहिरीवर बसलेल्या प्रभूनं तिलाच म्हटलं, बाई, मला प्यायला दे. रांग हळूहळू पुढं सरकायची थांबली. एकीनं विचारलं, "मग दिलं का तिनं?" झुंबरबाई रंगात आली. हे पाणी प्यालं तरी पुन्हा तहान लागतेच, तो देतो ते पाणी वेगळं, असं सांगत तिनं भरलेल्या हंड्यावर हात ठेवला आणि चांगुणेला विचारलं, "काय गं पोरी, घेशील ना त्याचं पाणी?"

चांगुणा उन्हानं अर्धमेली झालेली. म्हणाली, "घेईन की मावशी."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर चिटपाखरू नाही.

वाड्याच्या तोंडाशी सायकलचं दुकान असलेल्या गनीभाईनं दुपारी बातमी आणली. "झुंबरबाई, गावात भलतंच उठलंय. म्हनत्यात, तू हंड्यावर हात ठिवून मंतर टाकला. जी पिईल ती किरिस्ताव. आन् आक्काच्या सुनंनं तर सगळ्यांसमोर होकार भरला म्हनं."

"अहो, गोष्ट सांगितली मी!"

"तुला गोष्ट वाटती. त्यांना कबुली वाटली."

बाया पुन्हा ओढ्याच्या झिऱ्याला जाऊ लागल्या. तिथलं पाणी चिखलाचं. पोरांना हगवण लागली. झुंबरबाईनं एक हंडा भरला, डोईवर घेतला आणि आक्काबाईच्या दारात नेऊन ठेवला. आक्काबाई बाहेर आली. तिनं तो हंडा भर रस्त्यात पालथा केला. त्या दुष्काळात! कुणाचं तरी वासरू येऊन ओला फुफाटा चाटू लागलं.

"तुझ्या तोंडाचा भरवसा न्हाई," आक्काबाई म्हणाली. "दुष्काळ सरंपत्तोर ह्या गावात तुझ्या त्या प्रभूचं नाव तुझ्या तोंडून निघनार न्हाई, असं कबूल कर. मग येतो समद्या."

झुंबरबाई रिकामा हंडा घेऊन परतली. जेवली नाही. सहादेव समजावू लागला, "दे की शब्द. दोन-चार महिन्यांचा सवाल हाय."

"माणसांपुढं मी त्याचं नाव झाकलं, तर त्यानं स्वर्गातल्या बापापुढं माझं का झाकू नये? मग मी कोण उरले?"

"आन् ती पोर? तसं पोट घिऊन झिऱ्याला जाती ती?"

झुंबरबाई चुलीकडं वळली. चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. सहादेव म्हणाला, "उद्या इचार कर." ती म्हणाली, "करते."

पण उद्यापर्यंत उशीर झाला. चांगुणा झिऱ्याच्या उतारावर हंड्यासकट घसरली. बायांनी तिला घोंगडीत घालून आणली. मूल मेलेलंच जन्मलं.

हे कळलं तेव्हा झुंबरबाईच्या पायांत वहाणासुद्धा नव्हत्या. ती तशीच आक्काबाईच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिली. आत चांगुणा कण्हत होती.

"आक्का, कबूल."

"तुझ्या पोथीवर हात ठिवून म्हन."

"आमच्यात शपथ वाहत न्हाईत, आक्का. व्हय म्हंजे व्हय."

मोरखडकनं तिची कितीही टवाळी केली तरी तिचा शब्द खोटा निघाल्याचं कुणी सांगू शकत नव्हतं. दुसऱ्या सकाळी रांग पुन्हा लागली. झुंबरबाई काठावर उभी राहून ज्यांचे हात थकले त्यांचा दोर ओढू लागली. तोंड मिटलेलं; उघडलं तर त्याचंच नाव निघेल, ही तिला धास्ती. बाया आधी खुसखुसल्या. "झुंबरबाईची जीभ मांजरानं नेली का काय!" मग खुसखुसायच्याही थांबल्या. ते मिटलेलं तोंड बघवत नव्हतं.

मध्ये नगरहून पाळकसाहेब आले. एवढा जमाव बघून त्यांचा चेहरा उजळला. "झुंबरबाई, अहो, पीक उभं आहे! बोला!" तिनं मान खाली घातली. सहादेवानं त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बायबलबाईनंच मुकं राहायचं, तर मिशननं तिला कशाला ठेवायचं?" असं पुटपुटत ते गेले. झुंबरबाईनं ते ऐकलं. दोर ओढायची थांबली नाही.

विहीरही खाली खाली जात होती. पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त येऊ लागला.

अशात एके दिवशी चांगुणा आली. तोंड पांढरं पडलेलं, अंगात नुसती हाडं. हातात दोर नव्हता, हंडाही नव्हता. रांगेतल्या बायांनी वाट दिली. आक्काबाई पलीकडं हंडा भरत होती, ती वळून बघू लागली. चांगुणा सरळ झुंबरबाईसमोर गेली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

"मावशी, तुमच्याच पोहऱ्यातलं घाला."

झुंबरबाईनं पोहरा तिरपा केला. तिनं धार धरली. बाया तिला दोर ओढू देत, पण गावातल्या बाईनं तिच्या पोहऱ्यातलं पाणी पिण्याची ही पहिलीच वेळ. चांगुणा प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि हळू म्हणाली, "ती गोष्ट अर्धीच ऱ्हायली. त्या बाईचं पुढं काय झालं?"

झुंबरबाईनं आक्काबाईकडं पाहिलं.

"उद्या मला सोनईला म्हायेरी धाडत्यात. परत आनतील का न्हाई, ठावं न्हाई. तिकडं मला कोन सांगनार? मला खरंच पायजे ते पानी, मावशी. त्या दिवशी उगा म्हनले हुते. आज खरं म्हनते."

साऱ्या आयुष्यात मागितलेली ती एक, तिच्यासमोर ओल्या हातांनी उभी होती. मागं रांग होती. रांगेत आणखी दोघी पोटुशा होत्या. सहादेव दारातून बघत होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सांग, झुंबर. सांग गं." जन्मात पहिल्यांदा तो तिला बोल म्हणाला.

झुंबरबाईचे ओठ हलले. आक्काबाईची नजर त्या ओठांवरच होती. ओठ पुन्हा मिटले. झुंबरबाईनं पोहरा उचलला आणि चांगुणेच्या ओंजळीत उरलेलं सगळं पाणी ओतलं, गाळासकट, शेवटच्या थेंबापर्यंत.

पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं तरी ओंजळ तशीच होती.

"चल गं," आक्काबाई म्हणाली. या खेपेला तिनंच नजर खाली घातली.

दोघी गेल्या. झुंबरबाईनं आपला पोहरा खाली ठेवला आणि पुढच्या बाईच्या दोरासाठी हात केला.