धक्क्यावर बसलेली मुलगी

बावीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझा तास म्हणजे गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांनी मागून घ्यायचा तास. त्याची मला सवय झाली होती. पण इतिहासाच्या नव्या मॅडम आल्या आणि मुलं मधल्या सुट्टीत आपण होऊन चित्रं काढायला बसू लागली, तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं.

मॅडम तिशीच्या आतल्या, पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेल्या. त्यांच्या नववीच्या वर्गात एका मुलाने ‘माझा आदर्श नेता’ या निबंधात जर्मनीच्या हुकूमशहाचं नाव लिहिलं. शिस्तीचा माणूस, असं त्याचं म्हणणं. मॅडम त्याला रागावल्या नाहीत. त्या माणसाच्या राज्यात लाखो ज्यू लोक, लहान मुलंसुद्धा, ठरवून मारले गेले, एवढं त्यांनी वर्गात सांगितलं. मग त्यांनी कुठून कुठून मारल्या गेलेल्या मुलांचे जुने फोटो मिळवले आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक फोटो दिला. खाली नाव, गाव, वय. अट एकच घातली. त्या मुलाचं मरण काढायचं नाही, त्याचा एक साधा दिवस काढायचा. जानेवारीत प्रदर्शन भरवायचं होतं.

माझ्याकडे त्या कागद मागायला आल्या. म्हणाल्या, मला चित्रातलं काही कळत नाही. मी कागद मोजून दिले आणि मदत लागली तर सांगा, असं मुद्दाम म्हटलं नाही.

माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी त्याच वर्गात होती. ती नाटे गावची, वडील मासेमारी करतात. शिकायला इथे रत्नागिरीजवळ मिरजोळ्यात मावशीकडे राहायची. पेन्सिल कशी धरायची इथपासून मी तिला शिकवलं होतं. पाचवीपासून तिचं प्रत्येक चित्र आधी माझ्या टेबलावर यायचं. आता ती चित्र घेऊन माझ्या दारावरून पुढे मॅडमकडे जायची. मला ती ‘बाई’ म्हणायची, तसंच नेहमीच्या आदराने. पण मॅडमशी बोलताना ती हसायची.

तिच्या वाट्याला ग्रीसमधल्या एका बंदरातली बारा वर्षांची मुलगी आली होती. वडील गोदीत हमाल. एके काळी त्या बंदरातले बहुतेक हमाल ज्यू होते, म्हणून शनिवारी बंदरच बंद असायचं, असं मॅडमनी सांगितलं. ती माझ्याकडे कागद न्यायला आली तेव्हा तिने मला ते सांगितलं. म्हणाली, आमच्याकडे पण शुक्रवारी, जुम्म्याला, होड्या बाहेर जात नाहीत. तिने काढलेली मुलगी धक्क्यावर पाय सोडून, आपल्याकडे पाठ करून वडिलांची वाट बघत बसली होती.

अर्धी झालेली चित्रं माझ्याच खोलीत ठेवलेली असायची. एका दुपारी खोलीत कोणी नव्हतं. मी ते चित्र उचललं. उजवं पाऊल फार मोठं झालं होतं, आभाळ अगदी कोरं होतं. मी पाऊल बेताचं केलं. मग आभाळात ढग भरले, काळेभोर, क्षितिजापर्यंत. हात थांबेना. चित्र सुंदर झालं, आणि ते माझं झालं, हे मला तेव्हाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने चित्र खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

“बाई, याला तुम्ही हात लावलात?”

“पाऊल चुकलं होतं गो तुझं.”

“पाऊल ठीक आहे.” तिचा आवाज अगदी हळू होता. “तिला अजून काहीच माहीत नव्हतं, बाई. ती नुसती वाट बघत होती. तुम्ही आधीच काळोख केलात.”

ती खोडरबरने आभाळ पुसायला लागली. कागद फाटला. मी नवा कागद पुढे केला. तो घेऊन ती निघून गेली.

संध्याकाळी मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या जाऊ दे म्हणतील. त्या म्हणाल्या, “माफी माझ्याकडे नका मागू.” मग मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली. तिने मान हलवली. चार दिवसांत तिने चित्र पुन्हा काढलं. पाऊल परत मोठंच होतं, आणि आभाळ कोरं.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलांनी एकेक करून आपापल्या फोटोतल्या मुलाचं नाव वाचलं. तो निबंधवाला मुलगाही उभा राहिला. तीन वर्षांच्या एका पोराचं नाव वाचताना त्याचा आवाज चिरकला, पण कोणी हसलं नाही. मी दाराशी उभी होते. बावीस वर्षांत माझ्या कुठल्या प्रदर्शनात अशी शांतता झाली नव्हती, हा विचार तेव्हाही माझ्या डोक्यातून हटला नाही.

तिचे वडील नाट्याहून आले होते. त्या चित्रासमोर ते कितीतरी वेळ थांबले. मुलीला त्यांनी विचारलं, ही कोण गो? तिने सांगितलं. आणि तिच्या बापाशीचं काय झालं मग, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, त्यालाही नेलं. हातातली टोपी घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही शिकवलंत काय हिला?”

मॅडम हॉलच्या पलीकडच्या टोकाला होत्या. हो म्हटलं असतं तर कोणालाही ऐकू गेलं नसतं.

“रेघ मी शिकवली,” मी म्हटलं. “हे चित्र त्या मॅडममुळे झालं.”

ते मॅडमकडे गेले, हात जोडून काहीतरी बोलले. मी बघत राहिले. रेघेचं तेवढं श्रेय मला सोडवलं नाही. बाकीचं देऊन झालं होतं, आणि माझं जळणं तरीही थांबलं नव्हतं.