काट्यावरचा माणूस

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्न मात्र केला. तेव्हा मी कळंबोलीत तपास अधिकारी होतो. लोखंड बाजारातल्या एका गोदामातून सळई कमी होत होती. रिकामी गाडी आत येताना वजनकाट्यावर तिचं वजन व्हायचं, भरून निघाली की पुन्हा व्हायचं. फरक म्हणजे माल. कागदावर सगळं जुळत होतं, गोदामात जुळत नव्हतं.

खबऱ्या म्हणाला, "साहेब, काट्यावरचा माणूस बघा. त्याच्याच पाळीला माल जातो."

मी मॅनेजरला फोन करून तुमचा माणूस संशयित आहे असं कळवलं आणि त्याला चौकशीला आणलं. चाळिशीचा, खाडीकाठच्या गावातला. शहर वसवताना जमीन गेलेली, चुलतभाऊ बिल्डर. यानेही आधी प्लॉटची दलाली करून पाहिली होती.

"मग सोडली का?"

"डोकं लढवायचं काम आपल्याला जमत नाय साहेब. समोरच्याला बघून बोलायला लागतं. इथं बरं हाय. काय करायचं ते ठरलेलं हाय, तेच रोज करायचं."

काट्यावर काय करतोस, असं विचारलं. "गाडी आली का डायवरला खाली उतरवतो. चाकं पट्टीच्या आत बघतो. काटा थांबला का वजन घेतो." दुसऱ्या दिवशी वेगळ्या अधिकाऱ्याने विचारलं. उत्तर तेच, त्याच शब्दांत. आमच्याकडे समज असा की खरं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो. पाठ केलेलं तेवढं सारखं येतं. माझी खात्री पटली. हात उचलला नाही, पण त्याला तासन्‌तास उभं ठेवलं, हेही लिहिलं पाहिजे.

शेवटी आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, याला चहा कसा करतो ते विचारा."

दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शब्दाला शब्द तोच.

"यानं पाठ केलेलं नाही," हवालदार हसले. "हा माणूसच असा आहे. काय रे, बायको कंटाळत नाही?"

"नाय. तिला आवडतं. मी कधी उशिरा येत नाय."

मग आम्ही साध्या वेशात गोदामात बसलो. भर उन्हात एका रिकाम्या गाडीखाली चिखल दिसला. वाकून पाहिलं तर लपवलेली टाकी. येताना ती पाण्याने भरलेली असायची, म्हणून रिकाम्या गाडीचं वजन वाढायचं. आत आल्यावर ते पाणी सोडून द्यायचं आणि तेवढी सळई जास्त भरायची. ड्रायव्हरने कबुली दिली. याचीच पाळी का निवडली, असं विचारल्यावर म्हणाला, "साब, वो उतनाही देखता है जितना बोला है. टंकी देखने को किसीने बोला नहीं था."

काट्यावरच्या माणसाला सोडलं, पण कंपनीने त्याच्या जागी दुसरा घेतला होता. तो पोलीस ठाण्यात आला. "साहेब, एक फोन करा ना. तुमी सांगितलं तर घेतील."

"बघतो," मी म्हणालो. मग बंदोबस्त लागला, मग बदली झाली. संशय कळवायला मला वेळ मिळाला होता. तो निर्दोष आहे हे कळवायचं राहिलं.

निवृत्तीनंतर नेरूळला घर बघायला गेलो, तर फ्लॅट दाखवायला तोच. चुलतभावाकडे लागला होता. प्रत्येक खोलीत काय बोलावं ते सुचेना, नुसता घाम पुसत होता. चुलतभाऊ माझ्यासमोरच म्हणाला, "अरे, जरा गोड बोल की कस्टमरशी. पुतळा हायस का?"

खाली आल्यावर मी विचारलं, "काट्याचं काम पुन्हा मिळालं नाही?"

"तळोज्याला गेलो होतो साहेब. पहिली नोकरी का सुटली विचारतात. मला वेगळं काय सांगता येत नाय. पोलिसांनी नेलं होतं, तेच सांगतो."

बनवून बोलणारी माणसं रोज बघून आम्हाला साध्या, ठरलेल्या रीतीने जगणाऱ्याचा संशय येतो. अशा माणसाला त्याच्याजोगं काम मिळायला किती वर्षं लागतात आणि ते घालवायला किती थोडं पुरतं, हे मी नोकरीत असताना शिकलो नाही.

गेल्या आठवड्यात त्याला घेऊन तळोज्याला गेलो. तिथल्या मॅनेजरपुढे मी बोललो. कळवतो म्हणालेत. तोवर इथे लिहून ठेवतो: त्या चोरीशी या माणसाचा काहीही संबंध नव्हता.