मल्टिप्लेक्समधलं भूत

कॉलेज संपल्यावर मला पहिली नोकरी लागली ती भुताची. एका भयपटाच्या जाहिरातीसाठी मुलुंडच्या मॉलमध्ये, मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नच्या रांगेशेजारी, पांढरी साडी नेसून, तोंडाला पांढरा रंग फासून आणि केस पुढे सोडून उभं राहायचं. मॅनेजरबाईंचा नियम एकच: काही झालं तरी बोलायचं नाही. घरी मी "पिक्चरच्या मार्केटिंगमध्ये लागलेय" एवढंच सांगितलं होतं. आईने ते अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

पहिले दोन दिवस कुणीच घाबरलं नाही. लोक गळ्यात हात टाकून सेल्फी काढायचे. एका आजोबांनी टॉयलेट कुठे आहे विचारलं, तेव्हा मी अगदी भुतासारखा सावकाश हात उचलून दाखवला.

तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या मालवणी काकू पिक्चरला आल्या. जवळ येऊन त्यांनी माझे केसच बाजूला केले.

"अगो, तू हय काय करतंस? तोंडाक काय झाला तुझ्या?"

मॅनेजरबाई समोरच उभ्या. मी डोळ्यांनी खुणावलं. काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी आईला फोन लावला. "तुझा चेडू हय केस सोडून हुभा आसा. डोळे फिरवता, बोलणा नाय. बेगीन ये!"

पंधरा मिनिटांत आई हजर. गाऊनवर ओढणी, मुठीत मीठ-मोहऱ्या. काही न विचारता ती माझ्यावरून मूठ उतरवायला लागली. लोकांनी मोबाइल काढले. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला राहवेना.

"आई, अगं नोकरी आहे ही माझी!"

आईने मुठीतलं मीठ तिथेच टाकलं. मग पाठीत एक सणसणीत धपाटा. "जीव गेला असता ना माझा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीसुद्धा जाहिरातच.

नोकरी गेली, असं मी धरूनच चालले होते. पण मॅनेजरबाई धावत आईकडे गेल्या. "काकू, उद्या पाचला जमेल?"

आईने डोळे पुसले. "पाचला पाणी येतं आमच्याकडे. सहाला चालेल?"

मग आठवडाभर आई ठेवणीतली साडी नेसून रोज यायची. वर मलाच सांगायची, "नीट उभी राहा गं, भूत कधी पोक काढतं का?" लोक मीठवाल्या मावशींची चौकशी करत यायचे, त्यांना बघायचे आणि तिकीट न काढताच घरी जायचे.

पुढच्या शुक्रवारी पिक्चर उतरला. त्याआधी आम्हा दोघींना फुकट पास मिळाले होते, पण आई काही आली नाही.

"भुताचे पिक्चर मी नाही बघत," म्हणाली. "भीती वाटते."