काशीची पडवी

विमलाच्या घरी माकडांबद्दल दोन मतं नव्हती. कलमांवरचा आंबा, परसातली केळी, अंगणात वाळत घातलेले सांडगे, माकडांनी काय म्हणून सोडलं होतं? तिचा दीर रामा तर मोहर धरल्यापासून शेवटची पेटी भरेपर्यंत गलोल गळ्यात अडकवूनच फिरायचा. अशा घरातली थोरली सून रत्नागिरीबाहेर कातळाच्या सड्यावरच्या संशोधन केंद्रात माकडं सांभाळायला जाते, ही गावाला बारमाही करमणूक होती.

"आमी हितं हाकलून हाकलून मरतो, नि आमची वैनी तितं केळी भरवते," रामा चारचौघांत म्हणायचा. "माकडाच्या हाती कोलीत दिलेला ऐकला होता. केळा देऊन वर पगार घेणारी हीच पयली."

"घेतंय तर घेतंय. तुझ्या गलोलीला कोण देतो रे पगार?" एवढं ऐकवून विमला एसटी पकडायला निघायची. नवरा मुंबईला, त्यामुळे घरात तोंड चालवायला तिला दीरच उरला होता.

केंद्रात औषधांच्या चाचण्या चालत. पूर्वी तिथे एका माकडाला एक पिंजरा, असा कारभार होता. खायला वेळेवर, स्वच्छता चोख, आणि दिवसभर करायला काही म्हणजे काही नाही. मग प्राण्यांची डॉक्टर आफरीन आली. खाडीकाठच्या गावातली, वयाने लहान, पण हट्टी. माकड म्हणजे घोळक्यातला जीव, त्याला सोबत हवी आणि हाताला काम हवं, हे तिने वरच्यांच्या गळी उतरवलं. मग विमला घरून नारळाच्या करवंट्या आणू लागली. त्या उकळून घ्यायच्या, आत शेंगदाणे दडवायचे आणि माकडांना कोरत बसायला द्यायच्या. पिंजऱ्यांत काथ्याचे दोर लटकले, जांभळीच्या फांद्या आल्या, मधल्या जाळ्या निघाल्या. एकेकाला जोडीदार मिळाला.

राहिली ती काशी. हे नाव विमलानेच ठेवलेलं, माहेरच्या आत्यावरून. आत्या जगाशी भांडून भिंतीकडे तोंड करून बसायची. ही काशीही तशीच बसे आणि डाव्या हाताचे केस उपटत राही. तो हात सोललेल्या कोंबडीच्या तंगडीसारखा उघडा पडला होता. विमलाची चाहूल लागली तरच ती वळायची. विमलाची रजा असली की केस जास्त जायचे.

"माझ्याशिवाय तिचा पान हलत नाय," विमला घरी अभिमानाने सांगायची.

एकदा हे आफरीनच्या कानावर गेलं. ती रागावली नाही. "विमलाताई, तुम्ही संध्याकाळी घरी जाता. मग ती कुणाकडे बघते?" एवढंच म्हणाली. विमलाला ते घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

आता चाचण्या संपल्या होत्या. घाटावरच्या एका प्राणी-आश्रमाने ही माकडं न्यायची तयारी दाखवली होती. तिथे झाडं होती, उघडं आकाश होतं. शिमगा झाला की गाडी येणार होती. अट एकच, आणि ती रास्त होती: माकड दुसऱ्या माकडासोबत राहणारं हवं. काशीला सोबतीण मिळाली नाही, तर ती मरेपर्यंत इथेच, एकटीने भिंत बघत राहणार होती.

तिच्यासाठी बाबली निवडली. वयाने पोर, खट्याळ, दिवसभर दोराला लोंबकळणारी. पिंजरे जाळीला जाळी लावून ठेवले. दोघी काही आठवडे एकमेकींना बघत राहिल्या, आणि दार उघडायचा दिवस ठरला.

"पयला एका ताटात जेवू द्या," विमला म्हणाली. "नवरा-नवरीला आमी तेच करतो. एका ताटात जेवला की माया लागते."

आफरीनच्या गावात तर लग्नाला मधोमध मोठा थाळ मांडून सगळे भोवती बसतात. तिने लगेच मान डोलावली. दोघींच्या दोन घरांनी एकच सांगितल्यावर पुस्तक कोण उघडतंय? दोघींनी हौसेने केळी, पेरू नि भिजवलेले चणे एका परातीत सजवले, परात मधोमध ठेवली आणि दार सरकवलं.

बाबलीने पहिलं केळं उचललं. माकडांत थोरलीच्या आधी धाकटीने हात घालायचा नसतो, हे त्या उनाड पोरीला कोण शिकवणार? काशी एका झेपेत तिच्या अंगावर गेली. किंकाळ्या, उलटलेली परात, सोडवायला मारलेला पाण्याचा फवारा. दार बंद केलं तेव्हा बाबलीचा कान फाटला होता. कानाला टाके पडले. काशी भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने उजवा हातही उपटायला घेतला.

"पुरे आता," केंद्राचे साहेब म्हणाले. "एकीच्या भल्यासाठी दुसरीचा जीव धोक्यात घालणार नाही." चुकलं काय त्यांचं? आफरीनने फार विनवलं तेव्हा ते एवढ्यावर आले की वेगळं काय करणार ते आधी सांगा, मग बघू.

वेगळं काय करायचं, हे दोघींनाही माहीत नव्हतं. विमला शिमग्याच्या रजेवर घरी आली ती तोंडात मारल्यासारखी. ग्रामदेवतेची पालखी घरी येऊन पुढे गेली, पाहुणे पांगले, आणि दुपारी धाकटी जाऊ, रामाची बायको दर्शना, तिला पडवीत ओढून घेऊन बसली. मांडीवर डोकं घेऊन तिने केसांना तेल लावायला सुरुवात केली.

एके काळी या दोघी एका चुलीवर रांधायच्या. आमटीतल्या मिठावरून महाभारत व्हायचं. एकदा भाताचा टोप अंगणात गेला, त्यानंतर चुली वेगळ्या झाल्या नि स्वयंपाकघरात भिंत आली. पडवी तेवढी एकच राहिली. आणि गंमत बघा, तेव्हापासून दोघींत वाकडा शब्द नाही.

"काय झाला गो? पालखीपुढंपण तोंड पाडून होतीस."

विमलाने सगळं सांगितलं. परातीपर्यंत आली तशी दर्शना हसत सुटली. "तुला नि मला कोणी एका ताटात बसवलान असता, तर मीपण चावलं असतं!"

विमला ताडकन उठून बसली. तेलाची वाटी लवंडली तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

आफरीनने फोनवर ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आमच्या घरीही तेच! अम्मी आणि चाचीची स्वयंपाकघरं वेगळी, म्हणून तर दोघींचं जमतं. थाळ लग्नापुरता, विमलाताई. रोजची चूल वेगळीच. आणि पुस्तकातही जेवण वेगळं द्या असंच लिहिलंय. वाचलं होतं, आणि विसरले." साहेबांना तिने हे जरा भारदस्त भाषेत सांगितलं. त्यांनी एक संधी दिली.

तिसरा, रिकामा पिंजरा मध्ये आणला. तो कुणा एकीचा नव्हता, दोघींची पडवीच जणू. त्याला दोन बाजूंना दोन दारं, बसायला फळी, लपायला गोणपाटाचा आडोसा, आणि खायला दाणासुद्धा नाही. दोघींना आपापल्या घरी, एकमेकींना दिसणार नाही असं, पोटभर जेवू घातलं. दुपार कलली.

"आणि तुम्ही इथे थांबायचं नाही," आफरीन म्हणाली. "तुम्ही दिसलात तर ती तुमच्याकडेच बघत बसेल."

हे विमलाला झोंबलं. पण ती बाहेर गेली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली.

काशी मधल्या पिंजऱ्यात आली. इकडेतिकडे विमलाला शोधू लागली. मग साद घातली, पुन्हा घातली. विमलाचा हात दाराच्या कडीवर गेला. आत गेलं की काशी शांत होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आत गेलं की काशी इथेच राहणार, हेही. आयुष्यात तिने कुणाकडे अशी पाठ फिरवली नव्हती. तिने कडी सोडली नि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

काशी भिंतीकडे तोंड करून बसली. बराच वेळ काही घडलं नाही. मग दुसऱ्या दाराने येऊन गोणपाटाआड दडलेली बाबली बाहेर आली, हळूहळू सरकत, आणि काशीच्या पाठीशी आडवी झाली. तोच फाटका कान वर करून. काशी वळली. आफरीन पडद्याकडे झुकली. काशीने तो कान दोन बोटांत धरला, नीट न्याहाळला, आणि त्याच्या मागचे केस विंचरायला लागली, एकेक बट बाजूला करत, सावकाश.

विमला मास्कमध्येच रडली. आफरीनही.

गाडी आली तेव्हा काशीच्या दोन्ही हातांवर बारीक लव उगवली होती. शेजारशेजारच्या पेट्या, मध्ये जाळी. बाबली घाबरून ओरडत होती, आणि काशी जाळीतून बोटं घालून तिचा खांदा विंचरत होती. विमला गाडीजवळ उभी राहिली. नावाने हाक मारली. काशीचं काम चालूच राहिलं. गाडी सड्यावरून वळून दिसेनाशी झाली.

घरी पडवीत दर्शना वाट बघत होती. "गेली गो?"

"गेली." विमला तिच्याजवळ टेकली. डोळे पुसले आणि हसायला लागली. "हाक मारली मी. वळून बघितलान पण नाय गो माझ्याकडं!"

रामा आंब्याखालून आला तर त्यालाही तिने तेच सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून, पूर्वी पान हलत नाही म्हणून सांगायची त्याच तोऱ्यात.